उपकरणाची ओळख आणि चालकाची हाक

वाङ्मयविषयक नियतकालिकात संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आज मराठीतील बहुतेक लेखन संगणकावरच उमटते. आणि सीमाभागातील शाळांपुरते बोलावयाचे तर जुन्या जनरल रजिस्टरांतील नोंदींचे रक्षणही आता या यंत्रावरच अवलंबून राहू लागले आहे. नंदगड आणि एकंदर खानापूर तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मुंबई राज्यात होता. त्या काळी मराठी शाळांत भरलेली रजिस्टरे मराठीत आहेत, आणि जन्मतारखेच्या वा जातीच्या दाखल्यासाठी नातवंडे आजही आजोबांचे नाव शोधीत त्यांच्यापाशी येतात. येथील पावसाळा दांडगा. कागद दमट होतो, कसर लागते, शाई पसरते. त्या पानांच्या प्रतिमा घेऊन त्या जतन करण्याचे काम आता पुढे ढकलण्याजोगे राहिलेले नाही. आणि ते ज्या यंत्रावर करावयाचे, ते बहुधा कोणी तरी शाळेस देणगीदाखल दिलेले जुने यंत्र असते.

अशा जुन्या यंत्रांचा प्रश्न अलीकडे अधिकच पुढे आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार संपला, आणि तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली पुष्कळशा जुन्या यंत्रांस सामावून घेत नाही. साहजिकच अनेकांची दृष्टी लिनक्सकडे वळली. केरळातील सरकारी शाळांनी ही वाट फार पूर्वीच धरली होती. लिनक्स मोफत मिळते, त्यात मराठी लिहिता-वाचता येते, जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. अडचण येते ती निराळीच. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, देवनागरी अक्षरे उमटतात. परंतु वायफाय लागत नाही, किंवा ध्वनी निघत नाही, किंवा नव्याने जोडलेले एखादे उपकरण मौन धरून बसते. मग 'हे यंत्र बिघडले' असा निकाल दिला जातो, आणि बेळगावहून कारागीर येईपर्यंत ते कोपऱ्यात पडते. आमचे म्हणणे असे की, अशा पुष्कळ यंत्रांत बिघाड नसतोच. उपकरण जागेवर असते, त्याचा चालकही यंत्राच्या पोटात असतो. एकाची हाक दुसऱ्यापर्यंत पोचलेली नसते, इतकेच. ही हाक कोणत्या वाटेने जाते आणि कोठे अडते, हे समजावून घेतले म्हणजे शाळेतील कोणाही जिज्ञासू शिक्षकास हा शोध स्वतः घेता येईल.

प्रथम दोन-तीन शब्दांविषयी. लिनक्सच्या मध्यवर्ती भागास इंग्रजीत 'कर्नल' म्हणतात. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे हा शब्द उच्चारताच आमच्या विद्यार्थ्यांसमोर मिशाळ सेनाधिकारी उभा राहतो; म्हणून आम्ही 'गाभा' हाच शब्द वापरतो. एखादे उपकरण कसे चालवावे याचे ज्ञान ज्यात साठविलेले असते तो 'चालक', आणि हा चालक गाभ्यात कायमचा न बसविता गरजेप्रमाणे आत घेण्याजोग्या तुकड्याच्या रूपात ठेवला की तो 'घटक', म्हणजे 'मॉड्यूल'. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन लहान लिपीत टंकित करावयाची, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता मुख्य व्यवहाराकडे वळू. आधुनिक उपकरण यंत्रास जोडले की ते आपली ओळख स्वतःच सांगते. या ओळखीत उत्पादकाचा एक क्रमांक आणि वस्तूचा एक क्रमांक असतो. दोन्ही सोळाच्या पायावर लिहिलेले, चार-चार अंकांचे. इंटेल या उत्पादकाचा पीसीआय मार्गावरील क्रमांक ८०८६ असा आहे, आणि तो तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रक्रियकाच्या नावावरूनच घेतलेला आहे. क्रमांकांच्या रुक्ष दुनियेतही कोणास वंशाभिमान सुटत नाही! हे क्रमांक आणि उपकरणाच्या जातीची काही चिन्हे एका ओळीत गुंफून गाभा एक लांबलचक नाव तयार करतो. त्यास 'मॉडएलियस' म्हणतात. 'एलियस' म्हणजे आपल्या कचेरीतील 'उर्फ'. हे उर्फनाव घेऊन गाभा दवंडी पिटतो की, अमुक ओळखीचे उपकरण दारात आले आहे. 'यूडेव्ह' नावाचा सेवक ती दवंडी ऐकतो आणि घटक आत आणणाऱ्या यंत्रणेस ते उर्फनाव देतो. ही यंत्रणा एक नोंदवही उघडते. 'मॉड्यूल्स डॉट एलियस' हे तिचे नाव. हजारो ओळींच्या या वहीत कोणत्या उर्फनावास कोणता घटक लागू, हे लिहिलेले असते. नोंद सापडली की तो घटक, आणि त्यास लागणारे दुसरे घटक असल्यास तेही, गाभ्यात भरले जातात.

म्हणजे हे सारे प्रकरण नावाच्या जुळणीचे आहे. सीमाभागातील मुख्याध्यापकास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी रजिस्टरातील नाव आणि कन्नड कागदपत्रातील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला की मुलगा वर्गात समोर बसलेला असूनही कागदोपत्री तो सापडत नाही. मुलगा खोटा नसतो, रजिस्टरही खोटे नसते. यंत्रातही नेमके हेच घडते, आणि तेथे 'अहो, हाच तो' म्हणणारा गुरुजी नसतो.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. लायनस टोरवाल्ड्‌स याने १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले तेव्हा चालक गाभ्यातच गोठविलेले असत. मार्च १९९५ मधील १.२ या आवृत्तीत सुटे घटक रूढ झाले. २००३ च्या डिसेंबरात २.६ ही आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन याने यूडेव्ह रचिले. तत्पूर्वी कोणता चालक हवा हे पुष्कळदा माणसासच ठाऊक असावे लागे. आज ते ठाऊक नसले तरी चालते, आणि म्हणूनच काही अडले की माणूस गोंधळतो.

शोधाचा पहिला प्रश्न असा : यंत्रास उपकरण दिसते तरी काय? यूएसबीने जोडलेल्या वस्तूंसाठी 'एल-एस-यू-एस-बी' आणि आतील कार्डांसाठी 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा आहे. दुसरीस आडवी रेघ आणि 'के' हे अक्षर जोडले तर प्रत्येक कार्डाखाली त्याचा कोणता चालक सध्या कामावर आहे हेही छापून येते. यादीत उपकरणच नसेल तर घटकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही; तार, खाच, वीजपुरवठा पाहावा. गाभ्याची रोजनिशी 'डी-एम-ई-एस-जी' या आज्ञेने वाचता येते. ती उघडी ठेवून उपकरण काढावे व पुन्हा लावावे. शेवटी उमटणाऱ्या चार-सहा ओळी पुष्कळ काही सांगून जातात.

येथे एका बहुरूप्याचा परिचय करून दिला पाहिजे. गावोगाव इंटरनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या काही यूएसबी दांड्या, आणि वायफायच्याही काही, यंत्रास लावताच प्रथम स्वतःस सीडीची तबकडी म्हणवितात. विंडोजचा चालक त्या लटक्या तबकडीत भरून ठेवलेला असतो. तो बसविला की दांडी आपले खरे रूप प्रकट करते. लिनक्समध्ये ती तबकडीचेच सोंग घेऊन बसते, आणि गाभाही तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवून साठवणीचा चालक इमानाने आणून देतो. यात चूक कोणाचीच नाही. सांगितलेल्या ओळखीस योग्य तोच चालक आला. ओळखच सोंगाची होती. 'यूएसबी मोडस्विच' नावाची छोटी योजना तिला सोंग उतरविण्यास सांगते. ती बसविलेली असली की पुष्कळशा दांड्या सुतासारख्या सरळ होतात.

उपकरण दिसत असेल तर दुसरा प्रश्न : त्याच्या उर्फनावास नोंदवहीत जागा आहे काय? 'सिस' नावाच्या फोल्डराच्या आत प्रत्येक उपकरणापाशी 'मॉडएलियस' नावाची एका ओळीची फाईल असते. ती ओळ उचलावी आणि 'मॉडप्रोब' या आज्ञेस, आडवी रेघ व मोठा 'आर' देऊन, विचारावी. घटक आत न भरता केवळ त्याचे नाव सांग, असा या प्रश्नाचा अर्थ. उत्तरात नाव आले तर नोंद आहे. उत्तर आले नाही तर या गाभ्यास ते उपकरण अनोळखी आहे. असे पुष्कळदा अगदी नव्या वस्तूंच्या बाबतीत होते : आतील चकती ओळखीची, परंतु उत्पादकाने वस्तूस दिलेला क्रमांक नवा. अशा वेळी अधिक नवा गाभा घेणे हाच सरळ उपाय होय. जुन्या यंत्रांचा येथे फायदाच असतो. त्यांची नोंद होऊन वर्षे लोटलेली असतात.

जाता जाता शुद्धलेखनाची एक गंमत. घटकांच्या नावांत कोठे मधली रेघ असते, कोठे खालची. मॉडप्रोब या दोहोंत भेद मानीत नाही, आणि भरलेल्या घटकांची यादी देणारी 'एल-एस-मॉड' ही आज्ञा सर्वत्र खालचीच रेघ छापते. त्यामुळे फाईलच्या नावातील मधली रेघ त्या यादीत शोधणारा माणूस 'घटक भरलेलाच नाही' असे समजून चालतो. ऱ्हस्व-दीर्घाविषयी उदासीन असणाऱ्या विद्यार्थ्यांस हे उदाहरण सांगण्याजोगे आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत मनोरंजक, आणि आमच्या मते सर्वांत उपयुक्त. नोंद आहे, हाताने मॉडप्रोबला घटकाचे नाव दिले की तो निमूटपणे आत येतो, उपकरणही चालू लागते; परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले की पुन्हा तेच मौन. हाताने चालते आणि आपोआप चालत नाही, याचा अर्थ काय? येथे बहिष्काराच्या यादीकडे पाहावे. 'ईटीसी' या फोल्डरातील 'मॉडप्रोब डॉट डी' या जागी लहान लहान फाइली असतात, आणि त्यांत 'ब्लॅकलिस्ट' या शब्दापुढे घटकाचे नाव लिहिता येते. या बहिष्काराची मर्यादा नीट ध्यानात घेतली पाहिजे. उर्फनावावरून येणारी हाक तो अडवितो. घटकाचे खरे नाव घेऊन कोणी बोलाविले तर अडवीत नाही. दुसऱ्या एखाद्या घटकास त्याची गरज लागली तरीही तो आत येतो. म्हणजे हा बहिष्कार गावजेवणाच्या आमंत्रणापुरता आहे. घरी जाऊन कोणी हात धरून आणले तर त्यास दार मोकळेच. हाताने येतो पण आपोआप येत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

हे वर्गात प्रत्यक्ष दाखविता येते. संगणकातील जुना भोंगा वाजविणाऱ्या घटकाचे नाव 'पी-सी-एस-पी-के-आर' असे आहे. उबुंटूमध्ये त्याचे नाव आधीपासूनच या यादीत घातलेले असते, कारण तो कर्कश आवाज कोणास नको असतो. यंत्रात भोंगा असल्यास हाताने तो घटक बोलवावा, आवाज ऐकवावा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. भोंगा पुन्हा मुका. आज्ञा कोणती व तिचा अर्थ कोणता, हे एका तासिकेत मुलांस कळते.

आमच्या शाळेतील वायफायची कथा याच जातीची होती. विद्यार्थ्यांची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर भरण्याची मुदत जवळ आलेली, आणि रोज सकाळी एका शिक्षकास परवलीचा शब्द देऊन, हाताने घटक बोलावून मगच कामास लागावे लागे. ते शिक्षक रजेवर गेले की काम ठप्प. शोध घेता असे दिसले की, पूर्वी कोणा कारागिराने उत्पादकाच्या संकेतस्थळावरून निराळा चालक आणून या यंत्रावर बांधला होता, आणि दोघांत भांडण नको म्हणून गाभ्याबरोबर येणाऱ्या मूळ चालकाचे नाव बहिष्काराच्या यादीत घातले होते. त्या दिवसापुरते ते योग्यच होते. पुढे गाभ्याची नवी आवृत्ती आपोआप बसली, आणि बाहेरून आणलेला चालक तिच्यासाठी पुन्हा बांधला गेला नाही. नवा चालक राहिला नाही, जुन्यास दार बंद. ती एक ओळ काढून टाकताच मूळ चालक दुसऱ्या सकाळपासून आपोआप कामावर येऊ लागला. खर्च शून्य. मॉडप्रोबला आडवी रेघ व लहान 'सी' दिला की सगळ्या फाइलींतील बहिष्कार एकत्र छापून येतात; त्या लांब यादीत आपल्या घटकाचे नाव शोधावे. तेथेच 'इन्स्टॉल' या शब्दाने सुरू होणारी ओळ आढळली तर अधिक सावध व्हावे. तिच्यामुळे घटकाऐवजी भलतीच आज्ञा चालविता येते, आणि तेव्हा हाताने बोलाविलेला घटकही येत नाही.

बहिष्काराची ओळ बदलूनही फरक पडला नाही, तर एक जागा उरते. यंत्र सुरू होताना मुख्य चकती उघडण्यापूर्वी गाभा एक लहानशी शिदोरी घेऊन निघतो. तिला 'इनिटरॅमएफएस' म्हणतात. काही घटक आणि या याद्यांची प्रतही तिच्यात बांधलेली असते, ती जुनीच राहते. डेबियन व उबुंटूमध्ये 'अपडेट-इनिटरॅमएफएस' आणि फेडोरात 'ड्रॅकट' या आज्ञेने शिदोरी नव्याने बांधावी.

वरच्या कथेत गाभ्याच्या आवृत्तीचा उल्लेख आला, त्याविषयी थोडे अधिक. घटक हे गाभ्याच्या नेमक्या आवृत्तीसाठी बांधलेले असतात, आणि प्रत्येक आवृत्तीचे फोल्डर 'लिब मॉड्यूल्स' येथे वेगळे असते. सध्या कोणती आवृत्ती चालू आहे हे 'यूनेम' या आज्ञेस आडवी रेघ व लहान 'आर' देऊन कळते. त्या नावाचे फोल्डर तेथे नसेल, किंवा त्यात आपला घटक नसेल, तर हाक जाऊन उपयोग नाही. काही वेळा अद्यतन झालेले असते, परंतु यंत्र जुन्याच गाभ्यावर चालू असते; तेथे नुसते पुन्हा सुरू केल्याने भागते. घटक हाताने तेथे ठेवला असेल तर 'डेपमॉड' ही आज्ञा चालवून नोंदवही नव्याने लिहून घ्यावी, कारण फोल्डरात बसलेला घटक वहीत आपोआप नोंदला जात नाही. बाहेरचा चालक प्रत्येक नव्या गाभ्यासाठी आपोआप बांधून देणारी 'डीकेएमएस' नावाची सोय आहे. तिला त्या गाभ्याच्या शीर्षक-फाइली लागतात, आणि त्या बसविलेल्या नसल्या की बांधणी फसते. आमचे स्पष्ट मत असे की, गाभ्याबरोबर येणारा चालक काम करीत असेल तर शाळेने बाहेरच्या चालकाच्या मोहात पडू नये.

घटक भरलेला आहे, एल-एस-मॉडमध्ये नाव दिसते, तरीही उपकरण मुके, असेही होते. तेव्हा रोजनिशी वाचावी. पुष्कळ उपकरणांस चालकाखेरीज 'फर्मवेअर' नावाची स्वतःची संहिता लागते. ती चालकाने प्रत्येक वेळी उपकरणात भरावयाची असते. ती सापडली नाही की रोजनिशीत फर्मवेअर भरणे फसल्याची ओळ आणि 'उणे दोन' हा त्रुटीचा अंक उमटतो. उणे दोन म्हणजे तशी फाईलच नाही. डेबियनने मुक्त परवाना नसलेली फर्मवेअरे आपल्या अधिकृत स्थापना-संचात १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून २०२३ पासून, घालण्यास आरंभ केला. त्यापूर्वीच्या संचाने बसविलेल्या यंत्रांत ही उणीव वारंवार आढळते. 'सिक्युअर बूट' चालू असलेल्या यंत्रांत सही नसलेला घटक गाभा नाकारतो, आणि तसे तो स्पष्ट सांगतोही. तेथे हाताने बोलावूनही उपयोग होत नाही, ही त्याची खूण.

रजिस्टरांच्या कामाशी निगडित एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. यूएसबीच्या स्कॅनरसाठी गाभ्यातील घटक शोधीत बसू नये. तसा चालक एके काळी होता, २.६ च्या काळात तो काढून टाकण्यात आला. आज 'सेन' नावाची योजना गाभ्याबाहेरून स्कॅनरशी बोलते. तेव्हा एल-एस-मॉडमध्ये स्कॅनरचे नाव नाही म्हणून तो बिघडला, असा निष्कर्ष काढणे व्यर्थ होय. तेथे 'स्कॅनइमेज' या आज्ञेस आडवी रेघ व मोठा 'एल' देऊन स्कॅनर दिसतो काय ते पाहावे, आणि न दिसल्यास त्याच्या नमुन्यास सेनचा आधार आहे काय याची चौकशी करावी. जुना स्कॅनर विकत घेण्यापूर्वीच ही चौकशी केलेली बरी.

राहता राहिला तो रूढ तोडगा. 'ईटीसी' मधील 'मॉड्यूल्स-लोड डॉट डी' या जागी घटकाचे नाव लिहून ठेवले म्हणजे यंत्र सुरू होताना तो सक्तीने भरला जातो. बहुतेक सल्लागार हेच प्रथम सांगतात. आम्हांस हा तोडगा प्रथम करण्याजोगा वाटत नाही. नोंद नसणे, बहिष्कार असणे, आवृत्ती न जुळणे यांपैकी काय घडले हे त्याने झाकले जाते. आणि बहिष्कार असेल तर ही यादीही त्यापुढे हार खाते. मात्र जी उपकरणे आपली ओळख सांगूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी हीच योग्य जागा. शाळेच्या कचेरीत अद्याप चालणारा जुना डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र समांतर खाचेस जोडलेला असतो; त्या खाचेस उर्फनावाची भाषा फारशी येत नाही. म्हणून 'एल-पी' सारख्या घटकांची नावे आजही काही वितरणांत या यादीत आधीच लिहून दिलेली असतात.

दुरुस्ती झाल्यावर पडताळणी करताना यंत्र नुसते 'पुन्हा सुरू' करू नये. वीज तुटली नाही तर काही उपकरणांत आधी भरलेले फर्मवेअर तसेच टिकून राहते, आणि सगळे सुरळीत झाल्याचा भास होतो. यंत्र पूर्ण बंद करून, भिंतीवरील कळ दाबून, पाच-दहा मिनिटांनी ते सुरू करावे आणि कोणत्याही आज्ञेस हात न लावता उपकरण चालते काय ते पाहावे. आमच्याकडे पावसाळ्यात ही पडताळणी वीजमंडळच करून देते.